टीव्ही बघताना लाईट लावायची की मालवायची?

परवा एका तज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. टीव्हीच्या मागे मंद दिवा असावा, अंधारात बघितलं की डोळे थकतात, असं सांगत होते. बरोबरच आहे ते. पण आमच्या शिरूर-दौंडकडे हा प्रश्न आवडीचा कधी नव्हताच, मंडळी. तो विजेचा होता.

थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरचं केंद्र आलं आणि पुणे जिल्ह्यातल्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण गावात टीव्ही एखाद्याच्याच घरी. जानेवारी 1987 ला ‘रामायण’ लागलं तेव्हा रविवारी सकाळी अख्खी आळी त्या एका खोलीत. सकाळचं ऊन काचेवर पडलं की चित्र पांढरं फटक दिसायचं. मग दारं लोटायची, खिडकीला गोधडी लावायची. जुन्या पिक्चर ट्यूबचा उजेडच कमी, त्यामुळे खोलीत अंधार केल्याशिवाय काळं ते काळं दिसायचं नाही.

संध्याकाळचं गणित वेगळं. भीमा, घोड आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, तशा विहिरीवरच्या मोटारीही वाढल्या. त्या चालू असल्या की व्होल्टेज पडायचं. ट्यूब नुसती फडफडायची, पेटायची नाही. टीव्हीचं चित्र आक्रसायचं. मग घरातलं कुणीतरी ओरडणार, "अरे, तो बल्ब बंद कर, टीव्हीला व्होल्टेज मिळू दे!" आता साठ वॅटचा एक बल्ब मालवून काय फरक पडणार? भार होता डीपीवरच्या सगळ्या मोटारींचा. पण दोष घरातल्या बल्बला, आणि बल्ब मालवला की स्वयंपाकघरातली बाई चुलीच्या उजेडात भाकरी थापणार. हे कुणाला खटकायचं नाही.

मग आलं भारनियमन. जून 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमाराची ती वर्षं आठवून बघा. 2006 साली पुणे शहराने उद्योगांची जनरेटरं आणि जादा आकार असा तोडगा काढून भारनियमनातून सुटका करून घेतली. पुण्याचं चुकलं असं म्हणत नाही मी. पण त्याच जिल्ह्यात आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी काढून छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावत होतो. खोलीत उजेड काय तो पडद्याचाच. त्यातच पोरांचा अभ्यास.

पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केले. फार चांगलं काम झालं. गावात संध्याकाळी लाईट टिकली. पण आपल्याकडे निम्मी माणसं राहतात मळ्यात. वस्तीवरची घरं बहुतेक शेतीच्याच लाईनवर राहिली. तिथे थ्री फेज काही तास, तेही दिवसा-रात्रीच्या पाळ्यांनी. बाकी वेळ सिंगल फेज, आणि त्यावर कुणी कंडेन्सर लावून मोटार ओढली की पुन्हा व्होल्टेज खाली.

आज टीव्ही एलईडी झाला. विजही कमी खातो, भर उजेडातही दिसतो. म्हणजे लाईट मालवायची गरज संपली. पण वस्तीवर आता लाईटचा अर्थ बदललाय. बिबट्या उसात दबा धरून बसतो, म्हणून अंगणातला दिवा रात्रभर लागतो. आणि ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात घरातला कर्ता माणूस टीव्हीसमोर नसतोच. तो बॅटरी घेऊन बारं द्यायला गेलेला असतो.

दिवसा वीज देण्यासाठी 2017 ला सौर कृषी वाहिनी योजना आली. सुरुवात झालेल्या ठिकाणांत शिरूरच्या शेजारचं राळेगणसिद्धी होतं. इतकं जवळ! आपल्या प्रत्येक वस्तीपर्यंत दिवसाची वीज कधी येणार, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा.

खोलीत उजेड किती असावा हे घरातल्यांनी ठरवावं, डीपीने नाही. एवढंच मागणं आहे.

तुमच्या वस्तीवर सध्या काय परिस्थिती आहे? गावाचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा.