पत्ता कोणत्या टोकाकडून वाचायचा?

लिफाफ्यावरचा पत्ता आपण वरून खाली लिहितो. टपालाची विभागणी करणारा मात्र तो खालून वर वाचतो: आधी पिनकोड, मग गाव, शेवटी नाव. सगळेच हा क्रम पाळतात म्हणून पत्र पोचते. १९८० च्या सुमारास ई-मेलला असा एकच क्रम नव्हता.

अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात 'इंग्रेस' प्रकल्पाचा संगणक अर्पानेट या जाळ्याला जोडलेला होता. तेथे पत्ता 'व्यक्ती@संगणक' असा असे. फोनवरून यूयूसीपी पद्धतीने जोडल्या जाणाऱ्या संगणकांच्या पत्त्यात मात्र सगळी वाटच लिहावी लागे. 'क!ख!रमा' म्हणजे आधी क कडे, त्याने ख कडे, तेथे रमाला. मग 'क!रमा@ग' हे पत्र आधी कुठे पाठवायचे? डावीकडून वाचले तर क कडे, उजवीकडून वाचले तर ग कडे. दोन्ही वाचने आपापल्या जागी बरोबर! (हा प्रश्न वर्गात फळ्यावर जरूर मांडून पाहा.)

इंग्रेसवर काम करणाऱ्या एरिक ऑलमन यांच्याकडे जो तो अर्पानेटसाठी खाते मागू लागला. खाती वाटण्यापेक्षा पत्रेच ज्याच्या त्याच्या संगणकाकडे पुढे धाडणे त्यांना सोपे वाटले. त्यांच्या पहिल्या 'डिलिव्हरमेल'मध्ये मार्गाचे नियम प्रोग्राममध्येच कोंडलेले होते. नवे जाळे आले की प्रोग्राम बदला. १९८३ च्या बीएसडी युनिक्सबरोबर आलेल्या 'सेंडमेल'मध्ये हे नियम वेगळ्या फाइलीत गेले. डावीकडे पत्त्याचा नमुना, उजवीकडे त्याचे नवे रूप. आम्हांला खरी युक्ती हीच वाटते. भाषा मात्र भलतीच क्लिष्ट! दोन बाजूंमध्ये टॅबच हवा, साधी मोकळी जागा चालत नसे. ही चूक पुढे ऑलमन यांनीच कबूल केली.

दुसऱ्या एका फाइलीत टोपणनावे असत. 'शिक्षक' या एका नावापुढे वीस पत्ते लिहिले की एक पत्र विसांना जाई. पण क ने रमाचे पत्र ख कडे आणि ख ने ते परत क कडे पाठवायचे ठरवले तर? पत्र फिरतच राहील. म्हणून वाटेतला प्रत्येक संगणक पत्रावर आपला शिक्का उमटवतो. शिक्के ठरावीक संख्येपलीकडे गेले की पत्र परत.

१९८६ मध्ये डोमेन नावांच्या व्यवस्थेत टपाल स्वीकारणाऱ्या संगणकाची नोंद करण्याची सोय झाली आणि उद्गारचिन्हांच्या वाटा हळूहळू मागे पडल्या. शिक्के राहिले. कोणत्याही ई-मेलचे मूळ रूप उघडले तर ते दिसतात. प्रत्येक नवा शिक्का आधीच्याच्या वर बसतो, त्यामुळे पत्राचा प्रवास खालून वर वाचावा लागतो.