मामू गावची कोंबडी

गावाचं नाव मामू. आमच्या घरी ते पहिल्यांदा निघालं तेव्हा मुलं इतकी हसली की तेवढ्यावरच तिथे जायचं ठरलं. ह्यूस्टनहून आय-१० धरून लुइझियानात शिरायचं, मग उत्तरेला वळून भातशेतं आणि क्रॉफिशची तळी यांच्यामधून जात राहायचं. साडेतीन तासांत मामू येतं. वस्ती तीन हजारांच्या आसपास, एक मुख्य रस्ता, आणि फेब्रुवारीतला चिखल.

आम्ही गेलो होतो 'मार्दी ग्रा' पाहायला. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ बुधवारी सुरू होतो, म्हणून आदल्या मंगळवारी मनसोक्त खाऊनपिऊन घ्यायचं. आपल्या गटारी अमावस्येची फ्रेंच बहीण म्हणा. मार्दी ग्रा म्हटलं की सगळ्यांना न्यू ऑर्लिन्स आठवतं: चित्ररथ, प्लास्टिकच्या माळा, बाल्कन्यांतली गर्दी. तिथल्या या थाटाच्या मिरवणुका १८५७ सालापासूनच्या, शहरातल्या पैसेवाल्यांच्या मंडळांनी सुरू केलेल्या. तिथे रथावरचा फेकतो आणि रस्त्यावरचा झेलतो. मामूत उलटं आहे. इथे सोंग घेतलेला माणूस आपल्या दारात येऊन भीक मागतो.

सकाळीच घोडेस्वार जमतात. अंगावर झालरी लावलेले रंगीबेरंगी कपडे, तोंडावर तारेच्या जाळीचे रंगवलेले मुखवटे, डोक्यावर उंच निमुळती टोपी. ती टोपी पाहून अमेरिकेत राहणाऱ्याच्या पोटात क्षणभर गोळा येतो. पण इथे ती जुन्या फ्रान्समधल्या सरदारघराण्यातल्या बायकांच्या टोपीची टर आहे. कुणी बिशपचा टोप घालतं, कुणी पदवीदानातली चौकोनी टोपी. सरदार, धर्मगुरू, पंडित, कुणालाच सोडलेलं नाही.

मुखवटा नसतो तो 'कापितेन'ला, म्हणजे म्होरक्याला. हातात पांढरं निशाण घेऊन तो पुढे घरापाशी जातो आणि घरधन्याची परवानगी मागतो. तोवर बाकीचे रस्त्यावर थांबतात. होकार मिळाला की निशाण हलतं आणि घोळका अंगणात घुसतो, गातो, नाचतो, घरच्या बाईसमोर गुडघे टेकून हात पसरतो. तांदूळ, सॉसेज, चार पैसे मिळतात, पण खरं दान म्हणजे जिवंत कोंबडी. ती हवेत भिरकावली जाते आणि चांगली बापई माणसं तिच्यामागे चिखलात लोळत धावतात. जमलेल्या शिध्यातून गावजेवणाचं गंबो, मग रात्री नाच, आणि ठोक्याला बारा वाजता सगळं बंद. बुधवारी कपाळावर राख.

कोकणातल्या वाचकांना शिमग्यातले संकासुर आठवतील. मलाही आठवले, पण ओढूनताणून नातं जोडायला नको. याचं मूळ मध्ययुगीन फ्रान्समधल्या सोंगं घेऊन दारोदार मागायच्या प्रथेत आहे. ती जपणारे लोक मात्र लुइझियानात हौसेने आलेले नाहीत. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्समधून कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कोशियात, म्हणजे तेव्हाच्या 'अकादी'त, जाऊन शेती करू लागले. १७५५पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं, घरं जाळली, कुटुंबंच्या कुटुंबं जहाजांत कोंबून लांबलांबच्या किनाऱ्यांवर विखुरली. त्यातले काही जण १७६०च्या दशकात इथे पोचले. 'अकादियां' हा शब्द झिजून 'केजन' झाला. याच माळरानावर कृष्णवर्णीय क्रिओल कुटुंबांचीही स्वतःची मार्दी ग्राची फेरी होती, हे पर्यटनाच्या पत्रकांत सहसा नसतं.

त्या पत्रकांत 'अखंड मध्ययुगीन परंपरा' असंही छापलेलं असतं. 'अखंड' हे खरं नाही.

१९२१च्या राज्यघटनेने लुइझियानात शाळेची भाषा फक्त इंग्रजी केली. घरी केवळ फ्रेंच ऐकलेली पोरं शाळेत गेली आणि तोंड उघडल्याबद्दल शिक्षा भोगू लागली. 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' असं शेकडो वेळा लिहायचं. हीच पोरं दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सला गेली तेव्हा सैन्याला दुभाषे म्हणून फार उपयोगी पडली! पण गावातले तरुण युद्धावर गेल्यामुळे घोडे बाहेर पडेनासे झाले. बऱ्याच गावांत मार्दी ग्रा थांबला, मामूतही.

तो परत सुरू झाला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तोही आपोआप नाही. पॉल टेट हे वकील आणि रेव्हन रीड हे शिक्षक यांनी पुढाकार घेतला. ज्या शाळेने फ्रेंच मारली तिथलाच एक मास्तर हे करतो, हे मला फार आवडलं. पुढे १९६२पासून गावातल्या फ्रेड्स लाउंज या बारमधून शनिवारी सकाळी केजन संगीताचा रेडिओ कार्यक्रम होऊ लागला, तोही फ्रेंचमध्ये आणि रीड यांच्याच आवाजात. राज्य सरकारला जाग आली १९६८ साली, जेव्हा फ्रेंचसाठी खास परिषद नेमली गेली. तोवर आईबापांची एक अख्खी पिढी, आपल्याला बसला तो मार मुलांना नको म्हणून, घरात इंग्रजी बोलायला लागली होती.

सगळंच काही गोड नाही. मामूच्या फेरीत आजही घोड्यावर पुरुषच असतात. आयोटाजवळच्या टी-मामू या दुसऱ्या वस्तीत १९७०च्या दशकापासून बायकांची वेगळी फेरी निघते. दारू सकाळपासूनच वाहते. कोंबडीचं म्हणाल तर आमच्या धाकट्याने दोन दिवस चिकन खाल्लं नाही.

पण गाणं. कोंबडीमागच्या गोंधळात हे इतकं गंभीर, जवळजवळ उदास चालीचं गाणं असेल असं वाटलं नव्हतं. दुरून आलेल्या, भुकेल्या माणसांचं मागणं आहे ते. एका अंगणात माझ्या मुलीने शेजारी उभ्या असलेल्या पोरसवदा स्वाराला विचारलं, याचा अर्थ काय? त्याने मुखवटा वर केला. गाणं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं, पण शब्दांचा अर्थ आजीला माहीत होता, आणि आजी गेली होती. आणखी काही सांगणार तेवढ्यात निशाण हललं आणि तो पळाला.

परतीच्या वाटेवर, टेक्सासची हद्द ओलांडल्यावर, मागच्या सीटवरून मुलीचा प्रश्न आला: बाबा, गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' म्हणतो ना आपण, ते काय आहे? मी बायकोकडे पाहिलं. ती फोन काढून शोधायला लागली होती.