सहाबारी पिस्तुलाचा टिकाऊपणा

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील गुराख्यांचें चित्र जगानें मुख्यतः बोलपटांत पाहिलें : डोक्यावर रुंद टोपी, कमरेला कातडी पट्टा आणि पट्ट्यांत सहाबारी पिस्तूल. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांतील कांहीं नेमबाजांनीं या चित्राचाच एक खेळ बनविला, आणि १९८७ सालीं त्याची रीतसर संघटनाही निघाली. खेळाडू एकोणिसाव्या शतकाचा पोशाख करतात, टोपणनांव घेतात आणि दोन पिस्तुलें, एक रायफल व एक शॉटगन घेऊन घड्याळाशीं शर्यत लावतात. पिस्तूल मात्र जुन्या घडणीचें हवें. प्रत्येक बाराला घोडा अंगठ्यानें मागें ओढावा लागला पाहिजे. मग ही जुनी घडण आजच्या खेळाचा ताण सोसूं शकते काय ?

या घडणीचा नमुना म्हणजे कोल्ट कारखान्याचें १८७३ चें पिस्तूल. अमेरिकन लष्करानें तें त्याच सालीं स्वीकारलें. पुढें १९४० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत त्याचे सुमारें ३,५७,००० नग बाहेर पडले. घोडा ओढला कीं एक कांटा फिरत्या चक्राला एक घर पुढें ढकलतो, एक खिटी खालून खांचेंत बसून चक्र अडविते, आणि चाप फक्त घोडा सोडण्याचें काम करतो. ओढतांना चार खटके ऐकूं येतात; रसिकांना ते तबल्याच्या बोलांसारखे प्रिय आहेत. भाग थोडे आणि पोलाद भक्कम, यामुळें हें पिस्तूल अभंग असल्याची ख्याती झाली.

ती ख्याती पुरी खरी नव्हे. सांगाडा भक्कम असला तरी आंतील स्प्रिंगा म्हणजे चपट्या पोलादी पट्ट्या. वारंवार वांकून अशी पट्टी एक दिवस मोडते. गुराख्याला याची फारशी अडचण पडली नाहीं, कारण त्याचें पिस्तूल बहुतेक काळ पट्ट्यांतच राही. आजचा खेळाडू सरावांत हजारों वेळां घोडा ओढतो. बोलपटांतील नायकाप्रमाणें तळहाताच्या फटकाऱ्यानें घोडा मागें सारला, तर वेगानें फिरणारें चक्र खिटीवर आदळतें आणि खांचांच्या कडा खराब होतात.

दुसरा दोष जिवावरचा होता. घोड्याचें टोंक पुढच्या काडतुसावर टेंकलेलें असे. पिस्तूल हातून पडल्यास बार उडण्याचें भय. म्हणून शहाणे लोक पांचच काडतुसें भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवीत. खेळाचा नियमही हाच आहे.

या दोषांवर उपाय केला तो विल्यम रूगर यांनीं. त्यांनीं व अलेक्झांडर स्टर्म यांनीं १९४९ सालीं कारखाना काढला. १९५३ च्या पिस्तुलांत रूगर यांनीं चपट्या पट्ट्यांऐवजीं तारेच्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घातल्या. वेटोळ्यांत ताण साऱ्या तारेभर वांटला जातो, म्हणून त्या सहसा मोडत नाहींत. १९७३ मध्यें त्यांच्या पिस्तुलांत एक पट्टी आली. चाप दाबलेला असेल तेव्हांच ती घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोंचविते. मात्र या सुधारणेबरोबर चार खटके गेले. १९९३ मध्यें याच घडणीचें ‘व्हॅकेरो’ जुन्या रूपांत निघालें, आणि २००५ मध्यें त्याचा आकार कोल्टच्या जवळ आणला गेला.

उलट, चित्रवाणीवरील गुराखी-कथांनीं मागणी वाढल्यावर कोल्टनें १९५६ मध्यें जुनें पिस्तूल पुन्हा काढलें. १९५९ मध्यें स्थापन झालेल्या इटलींतील उबेर्ती कारखान्याच्या प्रतिकृतीही पुढें पुष्कळांच्या हातीं गेल्या.

निवड करणाऱ्यानें पिस्तूल रिकामें असल्याची खात्री करून घोडा सावकाश पूर्ण ओढावा. तो शेवटास पोंचेपर्यंत खिटी खांचेंत बसली पाहिजे, आणि चक्र फार हलतां कामा नये. सतत सराव करणाऱ्याला वेटोळ्याची स्प्रिंग सोयीची. इतिहासाचा खटका ज्याला ऐकावयाचा आहे, त्यानें जुनी घडण घ्यावी आणि चार स्प्रिंगा व एक स्क्रूड्रायव्हर जवळ बाळगावा. जुन्या पिस्तुलाची पट्टी मोडे, पण ती थोड्या श्रमांत बदलतां येई. दीड शतक तें हातांत राहिलें त्याचें एक कारण हेंही आहे.