काठाचा सौदा

तुम्ही आलात ते ऐन घासाघिशीत. साल 1905, मुंबईतलं धोबीतलाव, एका पारशी घराचा दिवाणखाना. खिडकीखालून घोड्यांची ट्राम खडखडत जाते. विजेची यायला अजून दोन वर्षं आहेत. जाजमावर चिनी फेरीवाल्यानं गाठोडं सोडलंय. समोर बपईजी, म्हणजे घरच्या आजी, डोक्याला पांढरं माथाबानं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. अंगभर भरतकामाची साडी, म्हणजे गारो, त्यांनी एकदा उलगडली आणि बाजूला सारली. त्यांची नजर आहे कोरीवर: काही बोटं रुंद, लांबलचक रेशमी पट्टी, साडीच्या काठाला लावायची.

टोक हातात घ्या. करकोचे, शेवंती, पूल, पुलावर चिनी स्त्री-पुरुष. पाकळ्यांवर बोट घसरतं. तिथे बिनपिळाचं रेशीम टाक्याला टाका भिडवून भरलंय. मग अचानक खरखर लागते. सुईला दोरा गुंडाळून पाडलेल्या गाठी, मोहरीहून बारीक. पारशी घरांत या टाक्याला खाखा म्हणतात. बपईजी पट्टी उलटी करून बघतात, कुठे धागा लोंबतोय का. फेरीवाला मोडक्या गुजरातीत भाव सांगतो. त्या सरळ निम्म्यावर येतात.

एवढे पैसे मोजायचे तर गारोच का नको? कोपऱ्यात सून काय करतेय ते पाहा. जुन्या साडीची कोर उसवतेय. निऱ्यांपाशी कापड विरलंय, कोर मात्र धडधाकट. शिवताना टाके मुद्दाम लांब आणि सैल घातले होते. दोरा ओढला की हातभर पट्टी मोकळी. तिचा एक तुकडा लेकराच्या झबल्याला लागेल, उरलेली नव्या साडीवर चढेल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. चीनचा हा व्यापार आटेल, साड्या जॉर्जेटच्या होतील आणि अशाच कोरी पुन्हा उसवून त्यांना लावल्या जातील. तेव्हा शिवणयंत्रावर पक्की शिवण मारून घ्या, असा शहाणपणा इथे शिकवू नका. कापड नेसून संपवायचं आणि काठ सुनेच्या सुनेला द्यायचा, हा या घराचा हिशेब आहे.

फेरीवाला गाठोडं बांधायला लागलाय. घाबरू नका, बपईजी या नाटकाला सरावल्या आहेत. तुम्ही फक्त ‘किती सुंदर!’ म्हणू नका, नाहीतर भाव चढेल.