चिनी वैद्यकाची कसोटी: दोन शतकांचा वाद

चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात आकाराला आला. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, ‘यिन’ आणि ‘यांग’ यांचा तोल ढळला की आजार उद्भवतो, आणि योग्य बिंदूवर सुई टोचून किंवा काढा देऊन तो तोल सावरता येतो, अशी त्याची मांडणी आहे. या मांडणीला काही आधार आहे का, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उपचारांनी गुण येतो का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. चीनमध्ये आणि चीनबाहेर दोनशे वर्षे चाललेल्या वादात ते वारंवार एकमेकांत मिसळले गेले.

ही परंपरा आरंभापासून एकसंध नव्हती. १९७३ मध्ये हुनान प्रांतातील मावांगदुइ येथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या वैद्यकीय पोथ्या सापडल्या. त्यांत वाहिन्यांचे वर्णन आहे आणि दवण्याच्या जातकुळीतील वनस्पतीची पाने जाळून शेक देण्याची पद्धत आहे. सुया टोचण्याचा उपचार मात्र नाही. वाहिन्यांची संख्याही पुढे रूढ झालेल्या बाराऐवजी अकराच आहे. म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचे शास्त्र हळूहळू रचले गेले आणि त्यात फेरबदल होत राहिले.

सोंग राजवटीत त्याला सर्वाधिक शिस्त आली. १०२७ मध्ये वांग वेइयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली कांस्याचे दोन पूर्णाकृती पुतळे ओतले गेले. पुतळ्यावर प्रत्येक बिंदूच्या जागी बारीक छिद्र होते. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर देऊन आत पाणी भरत, असे वर्णन आढळते. विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागी गेली तर पाण्याचा थेंब बाहेर येई. न आल्यास तो नापास. या परीक्षेत बिंदूंचे पाठांतर तपासले जाई. त्या बिंदूवर सुई टोचल्याने रोगी बरा होतो का, याची तपासणी तिच्यात नव्हती. पुढे कैक शतके या उणिवेकडे कोणी वळून पाहिले नाही.

अठराव्या शतकापर्यंत सुयांचा उपचार मागे पडला होता. १७५७ मध्ये शू दाचुन या वैद्याने ही विद्या लुप्त होत चालल्याची खंत लिहून ठेवली. १८२२ मध्ये दाओगुआंग बादशहाच्या आज्ञेने राजवैद्यक संस्थेतील सुई आणि शेक यांचा विभागच बंद झाला. सामान्य चिनी माणसाचा वैद्य तेव्हा मुख्यतः नाडी पाहून काढे देणारा होता. सुया गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती राहिल्या.

परंपरेची पहिली मोठी चिकित्साही परंपरेच्या आतूनच झाली. १७९७ च्या साथीत वांग चिंगरेन हा तरुण वैद्य लुआनझोऊ येथील स्मशानभूमीत रोज जाऊ लागला. तिथे मुलांची प्रेते उथळ पुरलेली असत आणि कुत्र्यांनी ती उकरून फाडलेली असत. इतरांनी नाके दाबून टाळलेल्या त्या प्रेतांतील अवयव त्याने डोळ्यांनी पाहिले आणि प्राचीन ग्रंथांतील आकृत्यांशी ताडले. ते जुळत नव्हते. १८३० मध्ये त्याने वैद्यकग्रंथांतील चुका दाखवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे स्वतःचे काही निष्कर्षही चुकीचे होते, पण ग्रंथापेक्षा प्रत्यक्षाला मान देण्याचे धैर्य त्याने दाखवले.

१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार बळी घेतले. पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-तेह हार्बिनला पोहोचले. हा प्लेग खोकल्यातून, हवेतून पसरतो हे त्यांनी ओळखले. जाड कापडी मुखपट्ट्या, रुग्णांचे विलगीकरण, प्रवासावर निर्बंध आणि प्रेतांचे सामुदायिक दहन यांच्या बळावर साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. या प्लेगवर तेव्हा आधुनिक वैद्यकापाशीही औषध नव्हते. साथ थोपवली ती रोगाच्या कारणाचे नेमके निदान करून, आणि ‘ची’च्या सिद्धान्तात अशा निदानाला जागाच नव्हती. सरकारी पातळीवर आधुनिक वैद्यकाचे पारडे जड झाले ते या अनुभवानंतर.

संघर्ष शिगेला पोहोचला १९२९ मध्ये. जपानमध्ये वैद्यक शिकलेले यू युनशिउ यांनी केंद्रीय आरोग्य समितीपुढे जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. वैद्यांची नोंदणी सक्तीची करावी, त्यांच्या शाळांना आणि जाहिरातींना बंदी घालावी, अशा त्यातील तरतुदी होत्या. १७ मार्चला शांघायमध्ये अनेक प्रांतांतील वैद्य आणि औषध-व्यापारी एकत्र आले, तेव्हाच्या राजधानीत, नानजिंगला, शिष्टमंडळ गेले आणि सरकारने प्रस्ताव बासनात बांधला. वडिलांच्या आजारपणात वैद्यांचे महागडे आणि निष्फळ उपचार पाहिलेले लेखक लू शुन आयुष्यभर या वैद्यकाचे कठोर टीकाकार राहिले. दुसऱ्या बाजूला, आधुनिक डॉक्टर शहरांपुरतेच होते आणि कोट्यवधी खेडुतांना वैद्याशिवाय कोणीच नव्हते, हेही तितकेच खरे होते.

याच काळात चेंग दानआन यांनी अ‍ॅक्युपंक्चरला नवे रूप दिले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बिंदूंच्या जागा आधुनिक शरीररचनेच्या आधारे नव्याने आखल्या. जाडजूड जुन्या सुयांच्या जागी केसासारखी बारीक सुई रूढ झाली. आज जगभरच्या दवाखान्यांत दिसणारे अ‍ॅक्युपंक्चर बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचे आहे. १९४९ नंतर डॉक्टरांचा तुटवडा आणि राष्ट्रीय अस्मिता या दोन्ही कारणांनी माओ झेदोंग यांनी पारंपरिक वैद्यकाला राजाश्रय दिला. १९५५ मध्ये बीजिंगमध्ये संशोधनसंस्था निघाली आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ व चेंगदू येथे महाविद्यालये सुरू झाली. परस्परविरोधी पंथ आणि घराणी यांतून निवड करून एकच पाठ्यक्रम बांधला गेला. माओंचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांच्या आठवणींनुसार, स्वतः माओंचा या उपचारांवर विश्वास नव्हता.

पाश्चात्त्य जगात लाट आली ती १९७१ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि २६ जुलैला त्यांचा लेख छापून आला. सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन झाले अशी दंतकथा पुढे पसरली. वस्तुतः ऑपरेशन नेहमीची भुलीची इंजेक्शने देऊन झाले होते. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थता कमी करण्यासाठी. पाहुण्यांना दाखवल्या जाणाऱ्या ‘सुयांच्या भुली’च्या शस्त्रक्रियांतही रुग्ण निवडून घेतलेले असत आणि सुयांच्या जोडीला गुंगीची वा बधिरतेची औषधे दिली जात.

खरी कसोटी लागली ती तुलनात्मक चाचण्या सुरू झाल्यावर. सुई टोचली गेली की नाही हे रुग्णाला कळतेच, मग तुलना करायची कशाशी, ही मोठी अडचण होती. १९९८ मध्ये जर्मनीत तिच्यावर तोडगा निघाला: बोथट टोकाची सुई. ती कातडीला टेकली की दांडी मुठीत सरकते. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, पण सुई आत जात नाही. काही चाचण्यांत दुसरा मार्ग निवडला गेला: बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचणे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, खोट्या अ‍ॅक्युपंक्चरने ४४.२ टक्के आणि औषधे-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला. सुया टोचून घेणाऱ्यांना बरे वाटले हे निर्विवाद. पण प्राचीन बिंदूंवर टोचल्याने भलत्या जागी टोचण्यापेक्षा जवळजवळ काहीच अधिक साधले नाही. सुमारे अठरा हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या विश्लेषणात जुनाट वेदनांवर खऱ्या सुया खोट्यांपेक्षा किंचित सरस ठरल्या. हा फरक रुग्णाच्या दृष्टीने कितपत मोलाचा आहे, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. वेदना आणि मळमळ सोडल्यास इतर बहुतेक आजारांबाबत भक्कम पुरावा नाही. १९९८ च्याच एका पाहणीत चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सर्वच्या सर्व चाचण्या यशस्वी निघाल्याचे आढळले. अपयश कधीच न दाखवणाऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे अवघड असते.

वनौषधींचा इतिहास निराळा आहे, कारण वनस्पतीत रसायन असते आणि ते वेगळे काढून तपासता येते. ‘मा हुआंग’ या वनस्पतीतील एफेड्रिनवर १९२० च्या दशकात बीजिंगमध्ये काम झाले आणि ते दम्यावरचे औषध म्हणून जगभर पोहोचले. सर्वांत मोठे उदाहरण तू योयो यांचे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या हिवतापाच्या गुप्त प्रकल्पात त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतील शेकडो औषधे चाळली. ‘चिंगहाओ’ या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या पुस्तकात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहिले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने औषधी अंश नष्ट होत असावा, असे ताडून तू यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर पूर्ण प्रभावी ठरला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, लाखो प्राण वाचले आणि २०१५ मध्ये तू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सूत्र जुन्या ग्रंथाने दिले. सिद्धता प्रयोगशाळेने आणि रुग्णांवरील चाचण्यांनी दिली.

याच वनौषधींनी अपायही केला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती मिसळली गेली. शंभरांहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, अनेकींची ती निकामी झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांनी रणभूमीवर आधुनिक शस्त्रक्रिया केल्या. १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. पथकातील कोलकात्याचे बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात आणले. पुढे महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

कायद्याची मान्यता, राजाश्रय किंवा दोन हजार वर्षांचे वय यांपैकी काहीही गुणाचा पुरावा नव्हे. आणि सिद्धान्त चुकीचा आहे म्हणून त्याखाली साठलेले प्रत्येक निरीक्षणही निरुपयोगी ठरत नाही. ‘ची’ आणि वाहिन्या यांचे अस्तित्व आजवर कोणत्याही तपासणीत आढळलेले नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग काही वेदना आणि मळमळ यांपुरता, तोही बेताचा आहे. वनौषधींपैकी मोजक्या अमूल्य ठरल्या, काही घातक ठरल्या आणि बहुतेकांची नीट तपासणी अद्याप व्हायची आहे. म्हणून संपूर्ण पद्धतीवर एकदम निकाल देण्यापेक्षा प्रत्येक उपचार स्वतंत्रपणे तपासणे हाच योग्य मार्ग आहे. कर्करोग, हृदयविकार किंवा जंतुसंसर्ग यांसारख्या आजारांत सिद्ध झालेला उपचार थांबवून सुयांवर किंवा काढ्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते; रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी तेवढे तरी कटाक्षाने टाळावे.