लोखंडी हाताचा सरदार

आजची हकीकत जर्मनीतल्या एका लहानशा सरदाराची आहे. त्याचे नाव गॉट्झ फॉन बर्लिखिंगेन. नाव जिभेला जड आहे खरे. पण त्याच्या देशात त्याला ‘लोखंडी हाताचा गॉट्झ’ म्हटले की शाळेतले पोरही ओळखते.

१४८० च्या सुमारास दक्षिण जर्मनीत यागस्ट नदीच्या बाजूला हे घराणे नांदत होते. वडील किलियान, आई मार्गारेटा. भावंडे पुष्कळ आणि गॉट्झ त्यांतले शेंडेफळ. जहागीर बेताची. थोरल्यांच्या वाटण्या होता होता धाकट्याच्या पदरात काय पडते, हे आपल्या गावातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गॉट्झने तलवार धरली आणि पगार देईल त्याच्या बाजूने तो लढू लागला.

१५०४ साली बव्हेरियात गादीच्या वारशावरून लढाई पेटली. लांड्सहूट शहरापुढे तोफेचा गोळा त्याच्या तलवारीच्या मुठीवर आदळला, मूठ हातात घुसली आणि उजवा पंजा गेला. वय अवघे चोवीस. अंथरुणावर पडल्या पडल्या तो देवाजवळ मरण मागत होता. मग त्याला एका हाताचा एक शिपाईगडी आठवला. तो गडी तसाच लढत असे. गॉट्झने लोखंडाचा पंजा करवून घेतला. डाव्या हाताने त्याची बोटे वळवायची, ती आतल्या दात्यांवर अडकून घट्ट राहायची. कळ दाबली की पुन्हा सरळ! त्या पंजाने लगाम धरून तो पुढे जवळजवळ चाळीस वर्षे मोहिमा करीत राहिला. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

पण या पंजाने केलेली सगळीच कामे कौतुकाची नव्हती. सरदारांनी आपापसातली वैरे लढून मिटवू नयेत, असा कायदा १४९५ मध्येच झाला होता. तरी १५१२ साली गॉट्झने जत्रेहून परतणाऱ्या न्युरेंबर्गच्या व्यापाऱ्यांना वाटेत गाठून लुटले. तो त्याला ‘वैर’ म्हणे. आपण वाटमारीच म्हणू. बादशहाने त्याला कायद्याबाहेर टाकले आणि सुटकेसाठी त्याला १४,००० गुल्डेन भरावे लागले. पुढे १५१७ मध्ये त्याने नेकार नदीवरचा हॉर्नबेर्ग किल्ला विकत घेतला. त्याची दोन लग्ने झाली. दोन्ही बायकांचे नाव डोरोथेआच. सात मुलगे आणि तीन मुली झाल्या.

आता १५२५ साल. त्या वर्षी दक्षिण जर्मनीतला शेतकरी उठला. त्याच्या मागण्या बारा कलमांत छापल्या गेल्या, त्या ऐका. आम्हांला दास म्हणून बाळगू नये. रानातले लाकूड, ओढ्यातले मासे आम्हांला घेऊ द्यावेत. गावाची गायराने बळकावली आहेत ती परत करावीत. आणि घरधनी मेला की त्याच्या विधवेकडून व पोरांकडून जो मृत्युकर उकळला जातो, तो बंद व्हावा. हा कर म्हणजे बहुधा गोठ्यातले उत्तम जनावर असे. कर्ता पुरुष जातो आणि त्याच दिवशी दावणीचा बैल सुटतो, याचा अर्थ शेतकऱ्यालाच कळेल.

ओडेनवाल्डच्या शेतकऱ्यांना लढाई जाणणारा पुढारी हवा होता. त्यांनी गॉट्झला सेनापती केले. आपल्याला जबरदस्तीने धरून नेले, असे तो पुढे जन्मभर सांगत राहिला. मदतीला येऊ का, असे त्याने पॅलेटिनेटच्या राजाला विचारले होते. त्याचे उत्तर घरातल्या बायकांनी आपल्यापासून लपवले, नाहीतर आपण शेतकऱ्यांत गेलोच नसतो, असेही त्याचे म्हणणे. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. सुमारे महिनाभर तो त्यांच्याबरोबर होता. नासधूस आवरावी, मागण्या सौम्य कराव्यात, असा त्याचा प्रयत्न होता. वुर्ट्सबुर्गचा बिशपचा किल्ला शेतकऱ्यांना जिंकता आला नाही. सरदारांची फौज जवळ आली आणि गॉट्झ निघून गेला. २ जूनला क्योनिग्सहोफेन येथे ते शेतकरी हजारोंनी कापले गेले, तेव्हा त्यांचा सेनापती तेथे नव्हता.

तरीही स्वाबियाच्या संघाने त्याला सोडले नाही. १५२८ ते १५३० तो आउग्सबुर्गला कैदेत होता. सुटताना शपथ घ्यावी लागली: हॉर्नबेर्गची हद्द ओलांडायची नाही, रात्र बाहेर काढायची नाही, घोड्यावर बसायचे नाही. घोड्यावर वाढलेल्या माणसाला ही शिक्षा! १५४० मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सने त्याला मोकळे केले. तुर्कांशी लढायला जुने शिपाई हवे होते. १५४२ मध्ये तो हंगेरीकडे गेला, १५४४ मध्ये फ्रान्सवर.

म्हातारपणी त्याने आत्मवृत्त तयार केले. पोराबाळांच्या आणि आप्तांच्या नजरेत आपला डाग धुऊन निघावा, ही त्यामागची ओढ. ते १७३१ मध्ये छापले गेले, आणि ते वाचून तरुण कवी गटे याने १७७३ मध्ये त्याच्यावर नाटक प्रसिद्ध केले. नाटकातला गॉट्झ स्वातंत्र्यासाठी झुरून कैदेत मरतो. खरा गॉट्झ २३ जुलै १५६२ रोजी आपल्याच किल्ल्यात, ऐंशी उलटल्यावर वारला. कवीने बायकोचे नावही बदलून एलिझाबेट केले. असो, कवीला तेवढी मोकळीक असते. पण शिक्षक मंडळींनी वर्गात ही गोष्ट सांगताना एवढे जरूर सांगावे, की त्या महिन्याची हकीकत आपल्याला बरीचशी सरदाराच्या तोंडून मिळते. क्योनिग्सहोफेनच्या माळावर पडलेल्यांपैकी कोणी आत्मवृत्त लिहिले नाही. त्यांच्या बाजूने बोलायला ती बारा कलमे तेवढी उरली.

लोखंडी पंजा यागस्टहाउझेनच्या गढीत आजही पाहायला मिळतो. गॉट्झला मात्र जवळच्या श्योनटाल मठात पुरले आहे.