निघण्यापूर्वीचे शास्त्र

पावसाळ्याची पहिली जोरदार सर आली की मावळातल्या कुसगाव, भुशी, लोणावळा या भागात माणसांची रीघ लागते. शाळांच्या सहलीही येतात. भुशीचे धरण मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. आज ते सहलीचे ठिकाण झाले आहे. याच धरणाच्या मागच्या डोंगरातून येणाऱ्या एका धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. पाणी वाढले तेव्हा ही माणसे प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना धरून उभी होती.

अशा वेळी ‘लोक बेजबाबदार झाले आहेत’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा शेरा किती अपुरा आहे, हे समजण्यासाठी आम्हाला एका दूरच्या विषयाचा इतिहास उपयोगी वाटतो. तो म्हणजे आखलेले मार्ग सोडून बर्फाळ डोंगरात स्कीवरून हिंडणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास. तिथेही उतार आहे, हौस आहे, सोबती आहेत आणि संकट काही क्षणांत येते.

पहिल्या महायुद्धात आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांच्या फौजा समोरासमोर होत्या. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा शिखराखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर बर्फाचा लोंढा कोसळला आणि अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले. हिमस्खलनाला दैवी कोप मानणे त्यानंतर अवघड झाले. युद्धानंतर स्कीइंगचा प्रसार झाला, तशी हौशी माणसेही त्यात सापडू लागली.

स्वित्झर्लंडने १९३० च्या दशकात या प्रश्नाकडे शास्त्राच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. १९३६ मध्ये दावोस गावाच्या वर, वाइसफ्लुयोख येथे एक लहानशी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे काम करणारे रॉबर्ट हेफेली हे मृदा-यांत्रिकीचे, म्हणजे मातीच्या ताकदीचा अभ्यास करणारे अभियंते होते. मातीचा उतार केव्हा घसरतो, हाच प्रश्न त्यांनी बर्फाला विचारला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळून दीडशेच्या वर माणसे गेली. त्या घटनेमागचे शास्त्र आणि बर्फाचे शास्त्र ही अशी जवळची भावंडे आहेत.

उत्तर असे मिळाले. हिवाळ्यात जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या जवळ असतो, तर वरची हवा त्याहून खूप थंड असते. या फरकामुळे बर्फाची वाफ खालून वर सरकते आणि तळाशी मोठे, सुटे कण तयार होतात. हा थर साखरेसारखा भुसभुशीत असतो. त्यावर वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची लादी बसते. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एखाद्या माणसाचे वजनही खालचा थर मोडायला पुरते आणि वरची लादी निसटते. बळी गेलेल्यांपैकी बहुतेकांचे हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेले असते.

पुढे साधने आली. अमेरिकेत जॉन लॉटन यांनी १९६८ मध्ये खिशात मावणारे रेडिओ-यंत्र बनवले. गाडल्या गेलेल्या माणसाच्या यंत्राचे संदेश सोबत्यांच्या यंत्रांवर ऐकू येत. त्याची निकड किती, हे १९९४ मधल्या एका अभ्यासाने दाखवले. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसे वाचतात, तर पस्तीस मिनिटांनी हे प्रमाण तीस टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेरची मदत बहुधा उशिराच पोहोचणार. वाचवू शकतात ते सोबतीच.

१९९३ मध्ये युरोपीय देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची समान मोजपट्टी ठरवली. त्याच सुमारास स्विस वाटाड्या वेर्नर मुंटर याने निर्णयाची एक सोपी रीत मांडली. घरी, डोंगराच्या पायथ्याशी आणि प्रत्यक्ष उतारावर, असे तीन वेळा थांबायचे. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी तपासायच्या : हवा व बर्फ, जागा आणि माणसे.

‘माणसे’ हा शब्द का हवा? अमेरिकेतले संशोधक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रशिक्षण घेतलेली माणसेही धोक्याच्या खुणा समोर असताना पुढे गेली होती. जागा ओळखीची होती, इतके लांब आल्यावर परतणे जिवावर येत होते, इतर लोक तिथेच होते, किंवा गटातल्या जाणत्या माणसावर सर्वांनी भार टाकला होता. म्हणजे माहिती होती. पण थांबायचे केव्हा, हे आधी ठरलेले नव्हते.

भारतातही हे शास्त्र परके नाही. १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यासाची संरक्षण खात्याची संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती नव्या संस्थेत विलीन झाली. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमध्ये दहा जवान गाडले गेले.

आता कुसगावकडे वळू. इथले डोंगर काळ्या पाषाणाचे, वर मातीचा थर पातळ. त्यामुळे माथ्यावर पडलेले पाणी मुरत नाही, लगेच ओढ्याला लागते. खाली ऊन असतानाही वर ढग बरसत असू शकतो. शिवाय वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघाभर पाण्यात दोन्ही पायांचे समोरचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर धरले, तर सेकंदाला १ मीटर वेगाने पाण्याचा रेटा सुमारे ५ किलोवजनाइतका येतो. २ मीटर वेगाने तो २० आणि ३ मीटर वेगाने ४५ किलोवजनाइतका होतो. खाली शेवाळलेला दगड असेल तर यातला दुसरा आकडाही पुरे. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल.

मुंटरची रीतही सहलीला जशीच्या तशी लागू पडते. शाळेत : हवामान खात्याचा इशारा कोणत्या रंगाचा आहे? ओढा ओलांडावा लागतो का? किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत? पायथ्याशी : कालपासून पाऊस किती झाला, हे गावकऱ्यांना विचारले का? काठावर : पाणी गढूळ होत आहे का, पालापाचोळा वाहून येत आहे का, आवाज वाढला का? यांतली एकही खूण दिसली तर सर्वांनी लगेच वर, कडेला यायचे.

काठावर एक खुणेची काठी रोवून दर पाच मिनिटांनी पाण्याची पातळी नोंदवण्याचे काम दोन मुलांना द्यावे. ‘पाणी चार बोटे चढले की परत’ असा नियम मात्र शाळेतच, सर्वांसमोर ठरवावा. आणि तो मोडण्याचा अधिकार कोणालाही, मुख्याध्यापकांनाही, ठेवू नये.